गरम कपासाठी कापडी बाही: आधी कमान, मग शिलाई

कापडाची आयताकृती पट्टी कागदी कपाभोवती गुंडाळली की वरची कड कपाला आवळते आणि खालची सुटून लोंबत राहते. कप वर रुंद आणि खाली निमुळता असतो, त्यामुळे त्याच्या बाहीचा तुकडा सरळ चालत नाही, कमानीसारखा कापावा लागतो. शिलाई म्हणाल तर चार बाजूंची एक टीप आणि एक बटण. बाही बिघडते ती बहुतेक वेळा मशीनवर नाही, कागदावर. म्हणून इथे कागदावरच्या कामालाच जास्त जागा दिली आहे.

आयता नमुना मिळाला तर

कॉफीच्या कपावर येणारी खाकी पुठ्ठ्याची बाही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या जे सोरेन्सन यांनी ‘जावा जॅकेट’ नावाने आणली. तिचा चिकटवलेला जोड हलक्या हाताने सोडवून ती टेबलावर सपाट पसरा, हवी ती कमान समोर येते. कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा, नमुना तयार.

पण तो जसाच्या तसा वापरू नका. पुठ्ठा पातळ असतो, कापडी बाही तीन थरांची. जाडी १ मि.मी. वाढली की कपाच्या दोन्ही अंगांना मिळून व्यास २ मि.मी. वाढतो आणि घेर सुमारे ६ मि.मी. वाढतो. मधला थर दबून २ मि.मी. राहिला तरी बाहेरच्या कापडाला सव्वा सेंटिमीटर जास्त लागतं. पुठ्ठ्याच्या मापावर शिवलेली बाही कपाच्या बुडाशी चढते आणि मध्येच अडकते, त्याचं कारण हेच. नमुन्याच्या दोन्ही आखूड टोकांना मिळून ३ सें.मी. वाढवा: १ सें.मी. जाडीसाठी (थोडं दाबून बसलेलं बरं) आणि २ सें.मी. बटणाकडे एक टोक दुसऱ्यावर चढावं म्हणून.

कपावरून माप

पुठ्ठ्याची बाही नसेल तर रिकामा कप पुरे. वरच्या वळलेल्या काठापासून १.५ सें.मी. खाली एक खूण करा. तिथून कपाच्या अंगाला टेप टेकवून ६.५ सें.मी. खाली दुसरी. टेप हवेत सरळ लटकवून मोजायची नाही. आपल्याला तिरकी उंची हवी आहे. दोन्ही खुणांवर एकेक रबर बँड चढवा, म्हणजे घेर घेताना हात वरखाली होत नाही. घेरासाठी टेपपेक्षा कागदाची बोटभर रुंद पट्टी बरी: गुंडाळा, जिथे पट्टी स्वतःवर चढते तिथे रेघ मारा, सोडून सरळ करा आणि मोजा.

तोंडाशी ९ सें.मी., बुडाशी ६ सें.मी. आणि ११ सें.मी. उंच अशा कपाचं माप साधारण असं येतं: वरचा घेर २७, खालचा घेर २१.६, तिरकी उंची ६.५. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यांवर आहे. तुमचा कप वेगळा असेल तर आकडे बदला, रीत तीच.

लहान कमानीची त्रिज्या काढायला खालचा घेर गुणिले तिरकी उंची, भागिले दोन घेरांमधला फरक. २१.६ × ६.५ = १४०.४. फरक ५.४. भागाकार २६. मोठ्या कमानीची त्रिज्या म्हणजे २६ अधिक तिरकी उंची, ३२.५ सें.मी.

या गणितात फरकाचा आकडा लहान आहे आणि तो खाली बसला आहे, त्यामुळे मापातली बारीकशी चूकही फुगते. खालचा घेर २१.६ ऐवजी २१.९ घेतला तर त्रिज्या २६ ची जवळपास २८ होते. दोन्ही घेर दोनदा घ्या, आळस करू नका.

कमान आखणं

शाळेतला कंपास एवढा उघडत नाही आणि दोरा बांधून आखलं तर दोरा ताणला जातो. पुठ्ठ्याची ३५ सें.मी. लांब, दोन बोटं रुंद पट्टी कापा. एका टोकाशी टाचणी खुपसायची. टाचणीपासून २६ सें.मी.वर एक भोक आणि ३२.५ सें.मी.वर दुसरं, दोन्ही पेन्सिलीचं टोक जेमतेम शिरेल एवढी. मोठा पुठ्ठा खाली घेऊन त्यावर ए-४ कागद आडवा चिकटवा. टाचणी कागदाच्या बाहेर, खालच्या कडेच्या मध्यासमोर पुठ्ठ्यात येईल. दोन्ही भोकांमधून पेन्सिल फिरवली की दोन समांतर कमानी मिळतात.

वरच्या कमानीवर टेप कडेवर उभी धरून ३० सें.मी. मोजा (२७ अधिक वर सांगितलेले ३). दोन्ही टोकांपासून टाचणीच्या भोकापर्यंत पट्टीने सरळ रेघा ओढा. त्या खालच्या कमानीला जिथे कापतील तिथे तुकडा संपला. आता खालची कमान मोजा, ती २४ सें.मी. भरली पाहिजे. भरली नाही तर केंद्र हललं आहे. तयार नमुना साधारण २९ सें.मी. लांब आणि ९.२ सें.मी. उंच होतो, म्हणून ए-४ वर पुरतो.

मार्जिन (शिलाईसाठी कडेने सोडायची जास्तीची जागा) न धरता कागद कापा आणि कपाला गुंडाळून चिकटपट्टी लावा. कागद चारी बाजूंनी कपाला टेकला तर कमान बरोबर. खालची कड सुटत असेल तर कमान हवी त्यापेक्षा सपाट झाली, त्रिज्या कमी करा. वरची कड बाहेर फाकत असेल तर उलटं. या टप्प्यावर दुसरा कागद वाया गेला तरी बिघडत नाही.

लांबीत थोडी चूक झाली तर घाबरायचं कारण नाही. कप खाली निमुळता असल्यामुळे मोठी बाही वर सरकते आणि जिथे घट्ट होते तिथे थांबते. आपल्या कपावर घेर १ सें.मी. जास्त झाला तर ती सुमारे १.२ सें.मी. वर बसेल. कमानीची चूक मात्र अशी आपोआप भरून निघत नाही.

कापड आणि मधला थर

बाहेरून घट्ट विणीचं सुती कापड घ्या: पॉपलिन, पातळ कॅनव्हास, जुन्या शर्टाची पाठ, मऊ जीन्स. ताणलं जाणारं होजिअरी कापड नको, बटणाचा ओढ त्याला लांब करत जातो. आतून सुती फ्लॅनेल सर्वात चांगलं, त्याची लव कपाला धरून ठेवते. साटनचं अस्तर दिसायला छान, पण कप हातातून निसटतो.

मधल्या थरासाठी कापसाचं वॅडिंग (दोन कापडांमध्ये घालायची मऊ भरणाची पट्टी), ३ मि.मी. जाडीचं. ते नसेल तर फ्लॅनेलचे दोन थर किंवा जुन्या टॉवेलचा एक. उष्णता अडवते ती तंतूंमध्ये अडकलेली हवा, कापड नव्हे. म्हणून फुललेलं, मऊ काहीही चालतं आणि दाबून चप्पट केलेलं काहीही कमी चालतं. पॉलिस्टर वॅडिंग वापरायला हरकत नाही, पण इस्त्री मंद ठेवा, गरम तव्यावरच्या प्लास्टिकसारखं ते आक्रसतं. चकचकीत चंदेरी थराचा मोह टाळा. तो उष्णता परतवतो ती समोर हवेची फट असेल तेव्हा. दोन कापडांत दाबला की फायदा थोडाच, वर कुरकुर आवाज, आणि मायक्रोवेव्हमध्ये बाहीसकट कप ठेवला तर ठिणग्या.

कापायच्या आधी दोन्ही सुती कापडं धुऊन वाळवून इस्त्री करा. चार टक्के आटलं तरी ३० सें.मी.ला १.२ सें.मी. जातात, म्हणजे जाडीसाठी धरलेली जागा एका धुण्यात संपली.

एका बाहीला लागतं ते असं: बाहेरचं कापड आणि वॅडिंग प्रत्येकी ३४ × १४ सें.मी., अस्तर ३२ × १२ सें.मी., २ ते ३ मि.मी. जाडीचं गोल इलास्टिक ७ सें.मी., दोन सेंटिमीटरचं एक बटण, पॉलिस्टर दोरा. मशीनला १४ नंबरची सुई, जीन्स असेल तर १६.

पट्ट्यापट्ट्यांचं किंवा उभ्या चित्रांचं कापड घेताना एक लक्षात घ्या. तुकडा कमानी असल्यामुळे मध्यावर सरळ दिसणारी रेघ टोकांशी सुमारे २६ अंश कलते आणि बटणापाशी दोन्हीकडच्या रेघा बाणाच्या टोकासारख्या भेटतात. विस्कळीत बारीक छाप असेल तर हा प्रश्नच येत नाही.

आधी वॅडिंग जोडा, मग कमान कापा

इथे बरेच जण उलट क्रम धरतात. तिन्ही थर नमुन्याप्रमाणे कापून मग वॅडिंगवर टीप मारली, तर टाक्यांनी तुकडा आत ओढला जातो आणि लांबी काही मिलिमीटर कमी भरते. त्यापेक्षा ३४ × १४ चा चौकोनी तुकडाच वॅडिंगवर ठेवा, मध्यापासून कडेकडे हाताने साफ करा, आठ-दहा टाचण्या लावा आणि गोधडीसारख्या समांतर टिपा मारा, टाक्याची लांबी ३ मि.मी. पहिली टीप मध्यावर, मग एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. दोन टिपांत ३ सें.मी. अंतर पुरे. एकेका सेंटिमीटरवर टिपा मारलेली बाही दिसते सुरेख, पण हवा दाबली जाते आणि बोटं भाजतात.

वॅडिंग खालच्या बाजूला असताना मशीनचे दाते त्यात अडकतात. खाली पातळ कागद ठेवून शिवा, शेवटी ओढून फाडून टाका.

आता या जोडतुकड्यावर नमुना ठेवा. लांबी कापडाच्या उभ्या धाग्याकडे असू द्या, त्या दिशेने कापड कमी ताणलं जातं. कडेने ७ मि.मी. मार्जिन आखून कापा. अस्तराला नमुना तोच, फक्त दोन्ही आखूड टोकांना ३-३ मि.मी. कमी करा. आतला थर आतल्या वर्तुळात बसतो, त्याला घेर कमी लागतो. सारख्याच मापाचं अस्तर कपावर चढवल्यावर चुण्या पाडतं.

शिलाई

बाहेरच्या तुकड्याच्या सुलट बाजूवर, डाव्या आखूड कडेच्या बरोबर मध्यावर इलास्टिकचा फास ठेवा. फास आतल्या बाजूला, दोन्ही टोकं कडेच्या बाहेर अर्धा सेंटिमीटर. कडेपासून ५ मि.मी.वर तीनदा मागेपुढे टीप मारा. इलास्टिक गोल असल्यामुळे सुईखालून निसटतं, म्हणून टोकं आधी चिकटपट्टीने धरून शिवलं तर सोपं जातं. पट्टी नंतर काढा.

अस्तर त्यावर सुलट-सुलट, म्हणजे दोन्हींच्या सुलट बाजू समोरासमोर येतील असं ठेवा. आधी मध्य जुळवून टाचणी, मग दोन्ही टोकं, मग मधल्या जागा. अस्तर आखूड असल्यामुळे बाहेरचा तुकडा किंचित फुगेल. तो फुगीर तुकडा खाली आणि अस्तर वर ठेवून शिवा, दाते खालचं जास्तीचं कापड आपोआप सामावून घेतात. खाली पुन्हा पातळ कागद.

उलटवायची फट लांब कडेला ठेवू नका. ती ठेवायची फासाच्या समोरच्या, म्हणजे उजव्या आखूड कडेवर, मधोमध ५ सें.मी. ही कड सरळ असते, दुमडायला सोपी, आणि बटण लावल्यावर वरच्या टोकाखाली झाकली जाते. शिलाई थोडी वाकडी झाली तरी कुणाला दिसत नाही.

फटीच्या एका बाजूने सुरू करून चारी बाजू फिरून दुसऱ्या बाजूला थांबा. मार्जिन ७ मि.मी., टाका २.५, सुरुवातीला आणि शेवटी मागेपुढे टीप. कोपऱ्यावर सुई कापडात असतानाच मशीनचा फूट (कापड दाबून धरणारा भाग) उचलून कापड वळवा. फासावरून जाताना तो शिलाईत सापडणार नाही याकडे लक्ष द्या.

उलटवण्याआधी कात्री चालवायची आहे. मार्जिनमधलं वॅडिंग नखाने उचलून शिलाईपासून २ मि.मी. राहील इतकं कापा, फक्त वॅडिंग. हे टाळलं तर कड दोरीसारखी जाड होते आणि बाही कपाला टेकत नाही. खालच्या, म्हणजे आत वळलेल्या कमानीच्या मार्जिनला दर दोन सेंटिमीटरवर सरळ चिरा द्या, शिलाईच्या १ मि.मी. अलीकडे थांबून. उलटवल्यावर या मार्जिनला ताणून पसरावं लागतं. चिरा नसतील तर कड आत खेचली जाऊन सुरकुत्या पडतात. वरच्या कमानीचं मार्जिन उलट गोळा होतं, तिथे ते ४ मि.मी. पर्यंत कापून टाकलं की भागतं. कोपरे तिरपे कापा.

फटीतून तुकडा बाहेर ओढा. कोपरे बोथट काडीने काढा. कात्रीच्या टोकाने काढायला गेलात तर टोक कापडाबाहेर येतं. शिलाई दोन बोटांत चोळून कडेवर आणा, फटीचं मार्जिन आत दुमडा, इस्त्री करा. मग चारी बाजूंनी कडेपासून ३ मि.मी.वर वरून टीप, टाका ३. या टिपेनेच फट बंद होते. फासाजवळ थर जाड झाल्याने फूट तिरका होऊन टाके एकाच जागी गोळा होतात. पुठ्ठ्याचा तुकडा घडी करून फुटाच्या मागच्या बाजूखाली सरकवा, फूट सपाट होतो आणि मशीन पुढे चालतं.

मशीन नसेल तर सगळं हाताने होतं. बाहेरच्या शिलाईला धावदोरा नको, उलटा टाका घाला, २ ते ३ मि.मी. लांब. वॅडिंगच्या टिपांना साधा धावदोरा चालेल.

बटण

बटणाची जागा मोजून ठरवू नका. बाही कपावर चढवा, फासाचं टोक दुसऱ्या टोकावर २ सें.मी. चढवा, फास हलकाच ताणा आणि त्याच्या टोकाशी खूण करा. साधारण ती उजव्या कडेपासून ४ ते ४.५ सें.मी. येते. फास पूर्ण ताणून खूण केली तर बाही कागदी कपाला पिळते आणि झाकण उडतं.

बटण शिवताना त्याच्या खाली आगकाडी ठेवा, शेवटी काढून उरलेल्या दोऱ्याला चार वेढे द्या. हा उंचवटा नसेल तर फास बटणाखाली जात नाही. आतल्या बाजूने टाके ओढले जाऊ नयेत म्हणून कापडाची लहान चकती लावा. आधाराला दुसरं बटण लावू नका, ते कपात रुतते.

इलास्टिकऐवजी टिचबटण किंवा वेल्क्रोही लावतात. टिचबटणात घेर कायमचा ठरून जातो, दुसऱ्या कपाला बाही होत नाही. वेल्क्रो सोयीचं, पण त्याचे काटे धुण्यात फ्लॅनेलची लव उपटतात. फासाला दोन्ही त्रास नाहीत.

पहिली परीक्षा

कपात गरम पाणी भरा, झाकण लावा आणि बेसिनवर धरून फक्त बाहीला हात लावून उचला. दोन मिनिटं धरा. एकाच जागी चटका बसत असेल तर तिथे वॅडिंग सरकलं आहे किंवा टिपा फार जवळ आल्या आहेत. कप बाहीतून खाली सरकून थोडा घट्ट होत असेल तर ठीक, निमुळत्या आकारामुळे तो पाचरीसारखा बसतो. सरकत सरकत बाही कपाच्या काठापर्यंत चढत असेल तर बटण आत घ्या.

दोन भिंतींच्या कपाला बाहीची गरज नसते. सरळ भिंतीच्या पेल्याला कमान नको, आयत पुरे, पण तिथे पाचर बसत नाही, सगळी पकड इलास्टिकची; म्हणून एकाऐवजी दोन फास, वर आणि खाली. कान असलेल्या मगाला पट्टी कानाच्या दोन्ही बाजूंना संपवून फास कानाच्या पोकळीतून न्यायचा.

धुणं

दूध सांडलं तर लगेच गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने त्यातलं प्रथिन तंतूत घट्ट बसतं आणि वास जात नाही. एरवी सौम्य साबण, हाताने, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि कमानीच्या आकारात पसरून वाळवा. वरून कोरडी वाटली तरी आत कापूस ओला असतो, तेव्हा दोन बोटांत दाबून बघा, गार लागली तर अजून वाळायची आहे. ओलसर बाही गरम कपावर चढवू नये. पाणी हवेच्या वीस पटींहून जास्त उष्णता वाहून नेतं, आणि जिथे हवा असायला हवी तिथे पाणी असलं की बाही असून नसल्यासारखी.